सातव्यातलं आणि आठव्यातलं

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही." परभणीकडच्या कुठल्याही घरात एखादी बाई दिवस भरायच्या आत बाळंत झाली की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतंच. मी लहानपणापासून ऐकत आलेय. गणिताच्या दृष्टीनं हे वाक्य उलटं आहे हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पोटात एक महिना जास्त राहिलेलं बाळ कमी कसं जगेल?

गंमत म्हणजे ही समजूत आपली एकट्यांची नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांमध्ये 'आठ महिन्यांच्या बाळा'वर वेगळं लेखनच आहे, आणि त्याचा सूर हाच: सातव्यातलं वाचू शकतं, आठव्यातलं नाही. आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलंय की आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यामध्ये ये-जा करत असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा. म्हणजे ग्रीस, चरक आणि आमच्या सेलू तालुक्यातल्या आज्या, सगळ्यांचं एकमत! आणि तिघंही चुकीचे. आज आपल्याला पक्कं माहीत आहे की पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बरं.

मग ही समजूत टिकली कशी? माझा आपला एक अंदाज. पूर्वी दिवस मोजायचे सणावारांवरून. "पोळ्याच्या आधी पाळी आली होती, नंतर नाही" असा हिशोब. त्यात महिनाभराची चूक सहज व्हायची. जे जगलं ते 'सातव्यातलं असूनही जगलं' म्हणून लक्षात राहिलं, जे गेलं त्याच्यासाठी 'आठव्यातलं होतं' हे कारण तयारच होतं. माणसाला दुःखापेक्षा कारण नसलेलं दुःख जास्त जड जातं. कारण हातात असलं की जरा बरं वाटतं, मग ते खोटं का असेना.

आजची पोस्ट याच कारणांबद्दल आहे. आणि जुळ्यांबद्दल. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. गेल्या काही वर्षांत जमेल तसं वाचत गेले, ते इथे मांडतेय. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. का, ते पुढे कळेल.

आमच्या घरात जुळी दोनदा झाली. पहिली माझ्या आजीला, १९६१ साली. महाराष्ट्र राज्य होऊन एकच वर्ष झालं होतं. औरंगाबादला मेडिकल कॉलेज निघून पाच वर्षं झाली होती. अंबाजोगाई, नांदेड ही सगळी पुढची गोष्ट. बाळंतपण घरातच, सुईणीच्या हातानं. पोटात दोन आहेत हे पहिलं झाल्यावर कळलं, कारण पोट रिकामं होईना. मुलगी आणि मागून मुलगा. दिवस भरायला निदान दीड-दोन महिने होते. घरात कापसाला तोटा नव्हता (परभणीकडे तो कुणाच्याच घरात नसायचा!), तर दोघांना सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेला, एका सुपात शेजारी शेजारी ठेवलं. कापसाच्या बोळ्यानं आईचं दूध थेंब थेंब तोंडात. मुलगी जगली. ती माझी आत्या. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला, पाचवीही पुजायची राहिली. श्वास घेताना छाती आत ओढली जायची आणि कण्हल्यासारखा आवाज यायचा, असं आजी सांगायची. "सुईणीनं दृष्ट काढली न्हाई, म्हणून गेला," असं घरात बोललं गेलं. काहींच्या मते आजी सातव्यात शेतात गेली होती, म्हणून.

आता जरा त्याच काळातलं दुसरं घर बघू. ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या थोडं वर, म्हणजे आमच्या सुपातल्या दोघांपेक्षा नक्कीच जास्त. जगातली उत्तम हॉस्पिटलं हाताशी होती. तो ३९ तासांत गेला. दुखणं तेच, जे आमच्या काकांचं असावं: फुप्फुसं तयार नव्हती. फुप्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक साबणासारखा पदार्थ असावा लागतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. वेळेआधी आलेल्या बाळांत तो कमी असतो आणि म्हणून ती दगावतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिलं होतं. कारण कळलं होतं, पण उपाय कुणाच्याच हातात नव्हता. व्हाईट हाउसच्याही नाही आणि आमच्या सुईणीच्या तर नाहीच नाही. तिला बिचारीला उगाच बोल लागला.

खरं तर सुईणीनं जे केलं ते जगातल्या मोठ्या डॉक्टरांनी केलं त्याच जातीचं होतं. पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं कोंबडीची पिल्लं उबवायची पेटी पाहिली आणि तशीच बाळांसाठी करून घेतली. साल १८८०. गरम पाण्याच्या उबेवर चालणारी, एका वेळी दोन-चार बाळं मावतील अशी. दोन किलोखालच्या बाळांचे मृत्यू तिथे ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. फक्त उबेनं! आपण 'बाळाला काचेत ठेवलंय' म्हणतो त्या काचेची ही पणजी. आमचं सूप, कापूस आणि शेगडी म्हणजे गरिबाची तीच पेटी. (शेगडीचा धूर मात्र वाईट. तो फायद्याचा नव्हता.)

ऊब आणि दूध ही झाली बाळ बाहेर आल्यानंतरची गोष्ट. बाळ मुळात बाहेरच येऊ नये म्हणून काय करता येईल? इथे आपल्या बाजूचा एक माणूस येतो आणि साऱ्या जगाच्या पुस्तकात जाऊन बसतो.

विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९, गोव्यातलं शिरोडा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे तिथेच प्राध्यापक. त्यांच्याकडे अशा बायका यायच्या ज्यांचं मूल दर वेळी चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येता, निसटून जायचं. शिरोडकरांचं म्हणणं असं की या बायकांच्या पिशवीचं तोंडच कमजोर आहे. भार वाढला की ते उघडतं. मग त्यांनी बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढून ती तोंडाभोवती आवळून शिवायला सुरुवात केली. १९५५ साली त्यांचा लेख मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' नावाच्या मासिकात आला. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनल्डनं त्याची सोपी आवृत्ती काढली. आज जगात कुठेही पिशवीला टाका घालतात तेव्हा या दोघांपैकी एकाचं नाव घेतात. शिरोडकरांना १९७१ साली पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते वारले. मुंबईतल्या एका डॉक्टरनं मद्रासच्या मासिकात छापलेली गोष्ट लंडन-न्यूयॉर्कच्या बाळंतपणाच्या खोल्यांत पोचली, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण (आणि हा 'पण' या पोस्टचा गाभा आहे) शिरोडकरांनी तो टाका कुणासाठी काढला? ज्यांची गर्भारपणं पुन्हा पुन्हा गेली अशांसाठी. जुळ्यांसाठी नव्हे. जुळ्यांपर्यंत तो नंतर गेला, आणि ज्या विचारानं गेला तो आपल्याला कुणालाही पटेल असाच: एका बाळाच्या भारानं तोंड उघडतं तर दोघांच्या भारानं उघडणारच, मग आधीच शिवून टाका!

जुळ्यांमध्ये निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवड्यांच्या आत येतात. तिळी असली तर साधारण ३२-३३ आठवड्यांतच. एवढा धोका दिसत असताना हातावर हात ठेवून बसणं अवघडच. म्हणून टाके घातले गेले. पुढे नीट तुलना केल्यावर दिसलं की जुळी आहेत एवढ्याच कारणासाठी टाका घालून काही फायदा होत नाही. २००५ साली चार अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्या जुळ्यांच्या आयांचं तोंड सोनोग्राफीत आखूड दिसत होतं त्यांच्यात तर टाक्यानंतर वेळेआधीचे जन्म उलट जास्त निघाले, जवळजवळ दुप्पट. असं का? जुळ्यांत गोष्ट फक्त खालच्या तोंडाची नसते. पिशवीच वरून ताणली जाते, आणि ताणलेली पिशवी वेळेआधी कळा सुरू करते. पोतं गच्च भरून उसवायला लागलं तर नुसतं तोंड शिवून भागत नाही.

गोष्ट तिथेही संपली नाही. २०२० साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, जेमतेम तीसेक बायकांचा. त्यात जुळी आहेत आणि २४ आठवड्यांच्या आत तोंड प्रत्यक्ष उघडायलाच लागलंय अशांना टाका घातला, तर बाळांचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. म्हणजे शिरोडकरांचा टाका जुळ्यांसाठी अगदीच बाद नाही. तो थोड्यांसाठी आहे, आणि ते थोडे कोण हे तपासून ठरवावं लागतं. सरसकट नाही.

तशीच गोष्ट 'बेडरेस्ट'ची. जुळी म्हटली की आडवं पडून राहायचं हे आपल्याकडे डॉक्टरांच्याही आधी सासूबाई सांगतात. पाश्चात्त्य देशांत तर जुळ्यांच्या आयांना महिनोन्‌महिने हॉस्पिटलात झोपवून ठेवायची पद्धत होती. मग हे तपासून पाहिलं गेलं. त्यातला महत्त्वाचा अभ्यास झिंबाब्वेच्या हरारे शहरात झाला, १९८० च्या दशकात. असे अभ्यास एकत्र करून जो निष्कर्ष निघाला तो असा: झोपवून ठेवल्यानं जुळ्यांचे वेळेआधीचे जन्म कमी होत नाहीत. उलट महिनोन्‌महिने पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते, अंगातली ताकद जाते, आणि मन खचतं ते वेगळंच. जड कामं टाळावीत, दमलं की विसावा घ्यावा, हे ठीकच. पण दोन जिने चढल्यानं जुळी लवकर येत नाहीत.

मग उपयोगी काय पडतं? याचं उत्तर न्यूझीलंडच्या मेंढ्यांनी दिलं. ऑकलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये कळा कशा सुरू होतात ते शोधत होते. त्यासाठी पोटातल्या कोकरांना त्यांनी स्टेरॉइड दिलं. एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. हे १९६९ चं. मग लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी २८२ आयांवर अभ्यास केला आणि १९७२ साली छापला: आईला इंजेक्शन दिलं की बाळांमधलं ते छाती आत ओढणारं दुखणं २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर येतं. आजीच्या जुळ्यांनंतर अकरा वर्षांनी!

कळा थांबवायची औषधं आहेत, पण ती फार तर दोनेक दिवस मिळवून देतात. पूर्वी मला वाटायचं, दोन दिवसांनी काय होतंय? आता कळतं की ते दोन दिवस म्हणजेच सगळं. तेवढ्यात इंजेक्शनचे डोस पुरे होतात आणि बाईला मोठ्या हॉस्पिटलात नेता येतं. बाळासाठी सगळ्यात चांगली ॲम्ब्युलन्स म्हणजे आईचं पोट.

इंजेक्शन स्वस्त आहे, म्हणून सरकारनं २०१४ साली ठरवलं की पुढे पाठवण्याआधी नर्सबाईंनीही ते द्यावं. पण २०१५ साली सहा देशांतला एक मोठा अभ्यास आला, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. गावपातळीवर हे इंजेक्शन सढळ हातानं दिल्यावर लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. सगळे चक्रावले. मग २०२० साली पाच देशांतल्या २९ हॉस्पिटलांतला अभ्यास आला. आठवडे सोनोग्राफीवरून नीट मोजलेले, आईला संसर्ग नाही हे पाहिलेलं, आणि बाळाची काळजी घ्यायची सोय असलेली हॉस्पिटलं. बायका २८५२ आणि बाळं ३०७० (म्हणजे जुळीही त्यात आली). तिथे मात्र मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध तेच. फरक होता तो आठवडे मोजण्यात आणि बाळाच्या खोलीत. पोळ्यावरून महिने मोजणाऱ्या आमच्यासारख्यांना यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

बाळाच्या खोलीतही नेहमी महागडी यंत्रंच लागतात असं नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या होत्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीवर उघड्या अंगाला बांधायला सुरुवात केली. हीच 'कांगारू' पद्धत. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदूध पेढी काढली. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं, त्यांना नवजात बाळाची ऊब, दूध, श्वास आणि संसर्गावरचे उपचार शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, अंगाला हात लावून ऊब बघते, त्याचं मूळ तिथे आहे. १९६१ च्या आमच्या सुपापासून हे फार लांब नाही. फक्त आता त्याला शास्त्राचा आधार आहे.

असो. आता दुसऱ्या जुळ्यांबद्दल, म्हणजे ज्यासाठी हे सगळं लिहिलं त्याबद्दल.

२०१३ साली माझ्या चुलतभावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, ३१ व्या आठवड्यात जुळ्या मुली झाल्या. परभणीला तेव्हा मेडिकल कॉलेज नव्हतं (ते २०२३ ला आलं), त्यामुळे रात्री गाडी करून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर नांदेड गाठलं. इंजेक्शनचे दोन डोस मिळाले. एक मुलगी १४०० ग्रॅमची, दुसरी १०५० ची. मोठी आज सायकलवरून शाळेत जाते. धाकटी नऊ दिवस होती.

या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण लग्नाकार्यात चार बायका जमल्या की दोन वाक्यं अजून निघतात. एक, "डॉक्टरनं टाकाच घातला नाही." आणि दुसरं, जरा खालच्या आवाजात, "ही पण वरच्या मजल्यावर राहत होती, सारखी जिने चढायची." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. आज्या 'आठव्यातलं' म्हणायच्या तसंच हे. कारण पाहिजे असतं. पण भाची ऐकते. आणि ऐकून घरी जाते.

म्हणून नातेवाईक मंडळींसाठी एवढंच. टाका घातला नाही हे त्या वेळच्या माहितीप्रमाणे बरोबर होतं; तिचं तोंड उघडलेलं नव्हतं, आधीचं कुठलं गर्भारपण गेलेलं नव्हतं. जिन्याचा संबंध नव्हता. जे करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं: पाण्याची पिशवी फुटल्यावर "सकाळपर्यंत बघू" म्हणणाऱ्यांचं न ऐकता रात्रीच गाडीत बसली. इंजेक्शन मिळालं ते त्यामुळे, आणि आज सायकलवर एक मुलगी आहे त्यात त्या निर्णयाचा वाटा आहे. हे मात्र कुठल्याच लग्नात कुणी बोलत नाही.

घरात पुन्हा कुणाला जुळी राहिली (आमच्याकडे आता तशी परंपराच म्हणायची) तर मी तीन गोष्टी सांगेन. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून आठवडे लिहून ठेवा. बाळांची काळजी घ्यायची खोली असलेलं हॉस्पिटल कुठलं, तिथे रात्री दोन वाजता कसं जायचं आणि गाडी कुणाची, हे सहाव्या महिन्यातच ठरवा. पोटात दुखलं, पाणी गेलं, लाल दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आणि त्यातूनही काही कमी-जास्त झालं, तर कारण शोधायला त्या बाईच्या पायांकडे बघू नका. तिच्या शेजारी बसा.